उपाशी गोगलगायीचा हिशेब

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बेरकी अशा माणसांसाठी राखून ठेवलेली आहे. प्रत्येक घराण्यात असा एक तरी नग असतोच. (नाव घेत नाही, नातेवाईक वाचतात. :) ) पण गंमत अशी की प्राणिशास्त्रातही या मंडळींचं नाव अगदी तेच आहे. 'गॅस्ट्रोपोडा' म्हणजे ग्रीकमध्ये पोट आणि पाय. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचं 'उदरपाद' केलं. आज्यांना जे आधीच ठाऊक होतं तेच, फक्त जरा इस्त्री करून.

मला आज भांडायचंय ते यातल्या पोटाबद्दल. पायाबद्दल सगळेच बोलतात, हळू चालते म्हणून. पोटाकडे फारसं कुणी बघत नाही, आणि जे बघतात ते आधी ते रिकामं करून मग बघतात. माझी तक्रार नेमकी इथेच आहे.

आधी कुठली गोगलगाय ते सांगते. पावसाळ्यात कुंडीला चिकटलेली नव्हे, समुद्रातली. 'आमचा काय संबंध' असं म्हणायच्या आत एकदा देवघरात डोकावून या. तिथला शंख हे समुद्री गोगलगायीचंच घर. तिथे राहणारा जीव समुद्राच्या तळाशी वाळूत नळ्या करून राहणारे किडे खायचा. सारीपाटाच्या कवड्या, त्याही समुद्री गोगलगायीच. आपण पिढ्यान् पिढ्या घरं नीट जपली, त्यांना गंध-फूल वाहिलं, पण आत राहणाऱ्याची चौकशी काही केली नाही.

तर मुद्दा असा. कुठल्याही प्राण्याला जिवंत राहायला सतत ऊर्जा लागते. ती किती वेगाने खर्च होते याला चयापचयाचा दर म्हणतात. समुद्री गोगलगायीचा हा दर मोजायची रीत ऐकायला सोपी आहे. गाळलेलं समुद्राचं पाणी भरलेल्या बंद डब्यात तिला ठेवायचं आणि पाण्यातला ऑक्सिजन किती वेळात किती कमी झाला ते बघायचं. शेजारी तसाच एक रिकामा डबा ठेवायचा, कारण पाण्यातले जिवाणूही थोडा ऑक्सिजन खातात, तो वजा करायला हवा. गोगलगाय रुसून झाकण लावून आत बसली तर आकडा एकदम खाली येतो, तेव्हा तिचा मूडही सांभाळायचा. पूर्वी विंकलरच्या १८८८ सालच्या पद्धतीने पाण्याचे नमुने काढून रसायनं घालून हे मोजत, पुढे इलेक्ट्रोड आले, आता प्रकाशावर चालणारे संवेदक आहेत. डबा मात्र तोच.

आणि नियमही तोच: मोजण्याआधी प्राण्याला उपाशी ठेवायचं. एक दिवस, दोन दिवस, कधी आठवडाभर. का? कारण खाल्लेल्या प्राण्याचा ऑक्सिजनचा वापर वाढतो आणि मग आकडे 'स्वच्छ' येत नाहीत. उपाशी, शांत, न हलणाऱ्या प्राण्याचा जो आकडा येतो त्याला म्हणायचं 'प्रमाणित दर'. तो तक्त्यात जातो, तक्ता पुस्तकात जातो, आणि पुस्तकातून तो अमुक जातीची गोगलगाय 'इतका ऑक्सिजन वापरते' असं होऊन बाहेर पडतो. उपाशी हा शब्द वाटेत कुठेतरी गळून जातो. सक्तीची निर्जळी एकादशी घडवून मोजलेला आकडा हा तिचा रोजचा स्वभाव ठरतो!

वीजबिलाचं उदाहरण देते. समजा एखाद्या कुटुंबाचा महिन्याचा खर्च काढायचाय, आणि कुणीतरी ते सगळे गावाला गेलेले असताना, घराला कुलूप असताना बिल आणून दाखवलं. त्यावर असतो तो 'स्थिर आकार' आणि फ्रिज चालू राहिला असेल तर त्याचे चार युनिट. बिल खोटं नाही, एक पैसाही चुकलेला नाही. पण त्यावरून 'या कुटुंबाचा खर्च इतका' असं कुणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू ना? गोगलगायीच्या बाबतीत मात्र आपण मान डोलावतो.

आता ती जेवते तेव्हा काय होतं ते बघा. ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर डॉगव्हेल्क नावाची एक गोगलगाय असते, शास्त्रीय नाव नुसेला लॅपिलस. आकाराने बोटाच्या पेराएवढी, पण पक्की मांसाहारी. शिंपले आणि खडकाला चिकटलेले बार्नॅकल हे तिचं खाणं. शिंपल्याचं कवच फोडायला तिच्याकडे ना नांग्या ना जबडा. तिच्याकडे आहे कानशीसारखी दातेरी जीभ, आणि पायात एक ग्रंथी जिच्या स्रावाने कवच मऊ पडतं. थोडा वेळ स्राव लावायचा, थोडा वेळ जिभेने खरवडायचं, पुन्हा स्राव. असं करत करत भोक पाडायचं, त्यातून सोंड आत घालायची आणि मांस खायचं. एका शिंपल्याचा हा सोहळा कधी दीड-दोन दिवस चालतो, तर कधी आठवड्याच्या घरात जातो. वादळात किंवा कडक थंडीत हीच बाई कपारीत दडून दिवसेंदिवस काही न खाता बसून राहते.

खाल्ल्यावर तिचा ऑक्सिजनचा वापर चढतो, काही काळ चढलेलाच राहतो आणि मग हळूहळू उतरतो. उलट उपास लांबला की आकडा दिवसेंदिवस खाली घसरतो, कारण शरीर खर्चाला कात्री लावतं. म्हणजे एकाच गोगलगायीचे, एकाच पाण्यात, एकाच तापमानाला, दोन वेगवेगळ्या दिवशी दोन अगदी वेगळे आकडे. थंड रक्ताच्या बऱ्याच प्राण्यांत जेवणानंतरचा चढ उपाशी आकड्याच्या दीडपट ते तिप्पट असतो. ही काही किरकोळ चिल्लर नाही. पगाराएवढा बोनस मिळाला तर तुम्ही त्याला किरकोळ म्हणाल का?

हे कुणाला ठाऊक नाही असंही नाही. १७८९ साली लाव्हाझिए आणि त्याचा सहकारी सेग्याँ यांनी हे माणसात मोजून ठेवलं होतं. मुखवटा चढवून बसलेला सेग्याँच, आणि जेवणानंतर त्याचा ऑक्सिजनचा वापर वाढलेला. पुढे जर्मनीत माक्स रुबनरने १९०२ च्या आपल्या ग्रंथात या वाढीला नाव दिलं, त्याचं मराठी भाषांतर होतं 'विशिष्ट गतिक क्रिया'. आता सांगा, या तीन शब्दांतून कुणाला जेवण, पोट, पचन यातलं काही तरी दिसतं का? असं नाव दिल्यावर विद्यार्थी ते पाठ करून परीक्षेत लिहितात आणि विसरतात, यात नवल काय? मी आपली त्याला 'पचनखर्च' म्हणणार. व्याकरणाच्या जाणकारांनी चालवून घ्यावं.

आणि नावापेक्षा मोठी चूक समजुतीत आहे. हा खर्च म्हणजे वाया गेलेली ऊर्जा, अन्नावरचा कर, गळती, असं त्याच्याबद्दल लिहिलं जातं. शंभर रुपयांचं खाल्लं, त्यातले दहा-वीस पचवण्यातच गेले, अरेरे! पण ते गेले कुठे? थोडे आतडी हलवायला, थोडे पाचक रस बनवायला, थोडे शोषून घ्यायला, थोडे नको असलेला नायट्रोजन बाहेर टाकायला. पण मोठा वाटा नवी प्रथिनं बांधायला जातो. हे कसं कळलं? १९९१ साली ब्राउन आणि कॅमेरॉन यांनी कॅटफिश माशावर एक सुंदर प्रयोग केला. माशाला खायला न घालता अमिनो आम्लं थेट रक्तात सोडली. आतड्याला काहीच काम नाही, तरी ऑक्सिजनचा वापर वाढला. मग प्रथिनं बनण्याची क्रिया रोखणारं औषध दिलं, तर ती वाढ नाहीशी झाली. प्रयोग माशातला आहे, गोगलगायीतला नाही, हे मान्य. पण प्रथिनं बांधायची यंत्रणा सगळ्या प्राण्यांत मुळात सारखीच आहे, आणि मांस खाणाऱ्या गोगलगायीच्या पोटात प्रथिनंच प्रथिनं जातात.

मग याला गळती म्हणायचं की मजुरी? घर बांधताना गवंड्याला दिलेले पैसे 'वाया गेले' असं कुणी म्हणतं का? भिंत उभी राहिली ना त्याची!

इथे मला आपल्या भाषेचं फार कौतुक वाटतं. चयापचय. चय आणि अपचय. चय म्हणजे साठवणं, रचणं, बांधणं. अपचय म्हणजे मोडणं, झिजणं. ज्याने कुणी हा शब्द घडवला त्याने चय आधी ठेवला, अपचय नंतर. आणि आम्ही काय करतो? प्राण्याला उपाशी ठेवतो, म्हणजे त्याचा बराचसा चय बंद पाडतो, मग उरलेलं मोजतो आणि त्याला 'चयापचयाचा दर' म्हणतो. शब्दातला अर्धा जीव काढून घेतल्यावर राहिलेल्या अर्ध्याला पूर्ण नाव!

'एवढं काय बिघडलं, तज्ज्ञांना फरक कळतोच की' असं कुणी म्हणेल. तज्ज्ञांना कळतो, खरं आहे. १९७८ साली प्लिमथच्या बेन आणि स्कलर्ड यांनी याच डॉगव्हेल्कच्या ऑक्सिजनच्या वापरावर शोधनिबंध लिहिला, त्यात खाणं आणि उपास यांचा हिशेब होता. त्याच वर्षी क्रिस्प, डेव्हनपोर्ट आणि शमवे यांनी नॅसेरियस नावाच्या दुसऱ्या गोगलगायीवर लिहिलं. ही वाळूत पुरून घेऊन नुसती नळी वर काढून बसते, आणि मेलेल्या माशाचा वास आला की तुरुतुरु बाहेर येते (गोगलगायीच्या मानाने तुरुतुरु). म्हणून त्यांनी खाण्याबरोबर नुसत्या रासायनिक चाहुलीचा, म्हणजे वासाचा, परिणामही तपासला. जेवणाचा खर्च पहिल्या घासाच्या आधीच सुरू होऊ शकतो, ही शंका त्यांनी मनात धरली होती. फोडणीच्या वासाने स्वयंपाकघरात हजर होणारी माणसं ज्या घरात आहेत त्यांना हे पटकन समजेल.

म्हणजे माहिती पंचेचाळीसहून अधिक वर्षं कपाटात आहे. प्रश्न असा आहे की ती तक्त्यात का येत नाही? कारण तक्त्याला एक आकडा हवा असतो. आणि एक आकडा हवा असला की सगळ्यात शांत, सगळ्यात कमी, सगळ्यात कमी कटकटीचा आकडा निवडला जातो.

त्याने बिघडतं ते सांगते.

पहिलं उदाहरण अंटार्क्टिकाचं. तिथे उथळ समुद्रात नॅसेला कॉन्सिना नावाची लिंपेट असते. लिंपेट म्हणजे खडकाला टोपीसारखी चिकटून राहणारी गोगलगाय. तिथले प्राणी सावकाश वाढतात, आणि सरळ उत्तर तयार होतं: थंडी हो, दुसरं काय! गारठ्यात शरीराचं सगळंच काम मंदावणार. पण तिथल्या समुद्राचं तापमान वर्षभरात जेमतेम दोन-तीन अंशांनी इकडचं तिकडे होतं. बदलतं ते जेवण. उन्हाळ्यात प्रकाश असतो, खडकावर सूक्ष्म शेवाळ वाढतं; हिवाळ्यात अंधार, वर बर्फ, आणि पान रिकामं. २००२ साली ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या फ्रेझर, क्लार्क आणि पेक यांनी याच लिंपेटवर एक निबंध लिहिला. त्याच्या मथळ्यातच 'अंटार्क्टिकातली मेजवानी आणि दुष्काळ' अशा अर्थाचे शब्द आहेत. उन्हाळा-हिवाळ्यातला तिच्या शरीराच्या कामातला फरक एवढ्याशा तापमानाच्या फरकाने समजत नाही. त्यात खाण्याचा मोठा हात आहे. अँड्र्यू क्लार्क तर कितीतरी आधीपासून सांगत होता की ध्रुवीय प्राण्यांच्या मंद वाढीचं खापर एकट्या थंडीवर फोडू नका, वर्षातले किती दिवस त्यांना खायला मिळतं तेही बघा.

कळलं का? थंडीवर आरोप होता, आणि उपासमार मागच्या दाराने निघून जात होती. जेवणाचा स्तंभ तक्त्यात नसला की असंच होणार. आणखी एक गोष्ट: थंड समुद्रात एका जेवणाचा पचनखर्च बुटका पण लांबलचक असतो, कित्येक दिवस चालतो. म्हणजे आपण दोन दिवस उपाशी ठेवून 'आता पोट रिकामं' म्हणून डबा बंद करावा, तर तिथली गोगलगाय अजून परवाचंच जेवण जिरवत असायची!

दुसरं उदाहरण हिशेबाचं. सागरी प्राण्याच्या तब्येतीचा अंदाज घ्यायला एक साधी वजाबाकी करतात. शोषलेल्या अन्नातून श्वसनाचा खर्च आणि उत्सर्जनात गेलेली ऊर्जा वजा करा, जे उरेल ते वाढीला आणि पिल्लांना. प्लिमथच्या ज्या बेनचं नाव वर आलं त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिंपल्यांच्या बाबतीत ही शिल्लक काढून प्रदूषणाचा परिणाम जोखायची पद्धत रुळवली. अतिशय शहाणी पद्धत. पण या वजाबाकीत जमेला भरल्या पोटाचं अन्न धरून खर्चाला उपाशी पोटाचा ऑक्सिजन लावला तर? शिल्लक फुगणार. कागदावर प्राणी मजेत, खडकावर त्याचे हाल. जमा लग्नाच्या आहेराची आणि खर्च सुतकातला, असा जमाखर्च कुणी वाण्याच्या दुकानात तरी खपवून घेईल का?

तिसरं, 'गोगलगायीने काय फरक पडतो' म्हणणाऱ्यांसाठी. स्कॉटलंडमध्ये जोसेफ कॉनेलने बार्नॅकलांवर जे काम १९६१ साली छापलं, ते परिसरशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. त्याने खडकाच्या काही भागांवर जाळ्या लावून डॉगव्हेल्कना बाहेर ठेवलं आणि बार्नॅकलांचं काय होतं ते पाहिलं. खडकाच्या खालच्या भागात कुठल्या वयाचे किती बार्नॅकल शिल्लक राहणार, हे ठरवण्यात या बोटभर गोगलगायीच्या भुकेचा मोठा वाटा होता. आता ही भूक किती ते तिच्या उपाशी आकड्यावरून काढायला गेलात, तर ती तुम्हाला मिताहारी साध्वी वाटेल. खडक काही वेगळंच सांगत असतो.

आणि समुद्र तापतो आहे, तेव्हा हे आणखी महत्त्वाचं. पाणी गरम झालं की पचनखर्चाचा चढ उंच होतो आणि लवकर संपतो. प्राण्याची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता मात्र काही अमर्याद नसते. त्यातला एक वाटा पचनाने घेतला की धावपळीला, उन्हाला तोंड द्यायला उरतं ते कमी. ओहोटीला तापल्या खडकावर अडकलेली भरल्या पोटाची गोगलगाय आणि उपाशी गोगलगाय या एकाच परिस्थितीत नाहीत. उद्याच्या समुद्रात कोण तगेल याचे अंदाज फक्त उपाशी प्राण्यांवरून बांधायचे, म्हणजे परीक्षेला एकाला बसवून निकाल दुसऱ्याचा लावण्यासारखं आहे.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते कच्चं नाही, म्हणून नीट मांडते. उपाशी ठेवून मोजलं नाही तर तुलना कशी करणार? एकीने सकाळी खाल्लं, दुसरीने काल, तिसरीने आठवड्यापूर्वी. सगळ्यांचे आकडे विस्कटलेले. कुठेतरी पायरी एक हवी. उपाशीपणा ही सगळ्यांना समान करणारी पायरी आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पचनखर्च मोजायचा तरी कशाच्या वर मोजायचा? पायाच नसेल तर उंची कुठून धरायची?

पण पाया म्हणजे घर नव्हे. आणि दुसरं, उपाशीपणा वाटतो तितका समानही नाही. शिंपला भोसकून आठवड्यातून एकदा पोटभर खाणाऱ्या गोगलगायीला दोन दिवसांचा उपास म्हणजे रोजचंच जगणं. खडकावरचं शेवाळ दर भरतीला चरणाऱ्या लिंपेटला तोच उपास म्हणजे दुष्काळ. तिचं पोट निसर्गात क्वचितच रिकामं असतं, त्यामुळे तिच्यात पचनखर्चाचा वेगळा चढ उठून दिसत नाही. तो तिच्या रोजच्या आकड्यात मुरलेलाच असतो. तिला उपाशी ठेवून जो 'मूळ' दर मिळतो तो आपण प्रयोगशाळेत तयार केलेला असतो. दोघींना सारख्या तासांचा उपास म्हणजे सारखी वागणूक नव्हे. माहेरवाशिणीला आणि रोजच्या वारकऱ्याला एकच पायपीट सांगण्यासारखं ते आहे.

इथपर्यंत वाचलेल्या काका-आत्यांना वाटत असेल, पोरीला सुचलंय काय? म्हणून आता घरातलं सांगते. माझ्या एका भाचीने (ओळखाल, पण नाव नको) एका जिममध्ये नाव घातलं. तिथल्या यंत्रावर उभं केल्यावर एक चिठ्ठी बाहेर आली: बीएमआर ११८०. शिक्षक म्हणाले, तुझं शरीर दिवसाला एवढंच जाळतं, याच्या खाली खा, वजन आपोआप उतरेल. पोरगी शहाणी, सांगितलेलं ऐकणारी. दोन महिने हजाराच्या आत जेवली. एका सकाळी दादर स्टेशनच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती खाली बसली. दोन अनोळखी बायकांनी सावरलं म्हणून निभावलं. घरी सगळे म्हणाले, उन्हाचा त्रास. उन्हाचा नाही, चिठ्ठीचा!

कारण बीएमआर म्हणजे काय? रात्रभर, साधारण बारा तास काही न खाल्लेलं, जागं पण स्वस्थ पडून असलेलं, ना गरम ना गार अशा खोलीतलं माणूस जे खर्च करतं ते. म्हणजे माणसातली उपाशी गोगलगाय! त्यात जेवण नाही, जिना नाही, ऑफिस नाही, लोकल नाही. बैठं काम करणाऱ्या माणसाचाही दिवसाचा खर्च या आकड्याच्या साधारण दीडपट भरतो. शिवाय त्या यंत्राने भाचीचा ऑक्सिजन मोजलाच नव्हता. अशी यंत्रं शरीरातून अगदी क्षीण वीज सोडून चरबी-स्नायूंचा अंदाज बांधतात आणि सूत्रात घालून आकडा काढतात. कुलूपबंद घराचं बिल, तेही अंदाजपंचे, आणि त्यावरून किराणा भरायचा!

याचीच दुसरी बाजू म्हणजे 'मेटाबॉलिझम वाढवणाऱ्या' पुड्या आणि दर दोन तासांनी खा म्हणजे भट्टी पेटती राहील हा उपदेश. खाल्लं की खर्च वाढतो हे खरं, गोगलगायीतही खरं. पण माणसाच्या मिश्र जेवणात हा पचनखर्च जेवणातल्या ऊर्जेच्या साधारण दहा टक्के. प्रथिनांचा सर्वात जास्त, वीस ते तीस टक्के; स्निग्धाचा सर्वात कमी. तेच जेवण दोनदा खा नाहीतर सहादा, एकूण पचनखर्च जवळपास तोच. सहा छोटे डोंगर की दोन मोठे, माती तेवढीच. जिला दोनदा जेवून बरं वाटतं तिने दोनदा जेवावं, पण भट्टीच्या नावाखाली पैसे कुणाला देऊ नयेत.

माणूस म्हणजे गोगलगाय नव्हे, हे मला समजतं. ती शरीर गरम ठेवत नाही, आपण ठेवतो. तिचे आकडे आपल्याला लागू करा असं मी म्हणतच नाही. दोन्हीकडे सारखा आहे तो फक्त तर्काचा घोटाळा: उपाशी असतानाचा आकडा खरा, आणि जेवल्यावर होतं ती वरकड भानगड. डब्यातल्या गोगलगायीबद्दल ही समजूत राहिली तर एखादा तक्ता चुकतो. चिठ्ठीवरच्या मुलीबद्दल राहिली तर ती जिन्यावर कोसळते.

मग करायचं काय? मागणं फार मोठं नाही. चयापचयाचा कुठलाही दर छापताना त्याच्या शेजारी लिहा: शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, किती खाल्लं, पाणी किती अंशांचं होतं. उपाशी आकडा जरूर द्या, पण त्यासोबत जेवणानंतरचा सगळा चढ-उतार द्या, तो संपेपर्यंत डब्याजवळ बसा. गोगलगायीच्या बाबतीत हे काही दिवसांचं काम आहे, कंटाळवाणं आहे, विद्यार्थ्याची झोप जाते. जाऊ दे. प्राण्याने एक शिंपला पोखरायला चार दिवस घालवले, आपण मोजायला चार दिवस घालवले तर काय बिघडलं? आणि पुस्तकवाल्यांनो, तक्त्याच्या मथळ्यात 'उपाशी' हा एक शब्द तेवढा परत आणून ठेवा. शाई फार लागत नाही.

घरच्यांसाठी त्याहून सोपं. उद्या कुणी तुमच्या शरीराचा एखादा आकडा तुमच्या हातात ठेवला, जिममध्ये, दवाखान्यात, नाहीतर भिशीच्या पार्टीत, तर घाबरायच्या आणि पैसे मोजायच्या आधी एवढंच विचारा: हा आकडा मी जेवले असताना काढलात, की उपाशी असताना? उत्तर देता आलं नाही तर चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाका आणि वेळेवर जेवायला घरी या.